शेताला नवं फाटक काढण्याआधी

प्रश्न: आम्ही दोघं मूळचे वाईचे, सोळा वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतोय. दोन वर्षांपूर्वी चिल्टर्न टेकड्यांत, ऑक्सफर्डशायरच्या हद्दीत सहा एकरांचं शेत घेतलं. आठ मेंढ्या आहेत, थोडा भाजीपाला आणि माझ्या हट्टाखातर वाल. शेतात जायची वाट शेजाऱ्याच्या कच्च्या रस्त्यावरून आहे. खरेदीच्या कागदांत आम्हाला तसा हक्क दिलाय, पण नोव्हेंबर ते मार्च तिथे गुडघाभर चिखल असतो आणि शेजारी दर वेळी कपाळाला आठ्या घालतो. शेताची दुसरी बाजू गावच्या अरुंद रस्त्याला लागून आहे, मध्ये फक्त झुडपांचं जुनं कुंपण. तिथे फाटक करावं असं मनात आहे. इथला जेसीबीवाला म्हणतो, शेतीला परवानगी लागत नाही, शनिवारी येऊन दोन तासांत मोकळं करून देतो. सासरे आबा वाईहून म्हणतात, आपलं शेत, आपला बांध, विचारायचं कुणाला? नवरा म्हणतो, संरक्षित भाग आहे, परवानगी मिळणारच नाही. गावातला एक जण म्हणाला, करून टाका, चार वर्षं गेली की कुणी काही करू शकत नाही. कुणाचं ऐकू?

उत्तर: आधी जेसीबीवाल्याला फोन करून शनिवारचं काम थांबवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हा फोन आजच करा.

तुम्हाला चौघांनी चार सल्ले दिले आणि प्रत्येकात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच गोंधळ उडालाय. 'शेतीला परवानगी लागत नाही' हे मी इथल्या खेड्यांत पन्नासदा तरी ऐकलंय. ते आलंय १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्यातून. जमीन शेतीसाठी वापरणं हा 'विकास' धरायचा नाही, असं त्याच्या ५५व्या कलमात आहे. म्हणजे तुम्ही मेंढ्या सोडा, वाल लावा, उद्या गहू पेरा, कौन्सिलला विचारावं लागत नाही. ही सूट वापराला आहे. रस्त्याकडेचा उंचवटा कापणं, खडी टाकणं, सार्वजनिक रस्त्याला नवी वाट जोडणं ही कामं झाली, आणि त्यांना परवानगी लागते.

काही छोट्या कामांना सरकारनं २०१५ च्या आदेशात आगाऊच परवानगी देऊन ठेवलीय, त्याला इथे 'परमिटेड डेव्हलपमेंट' म्हणतात. रस्त्याला वाट जोडणं त्यात आहे, पण दोन अटींवर. रस्ता ट्रंक (म्हणजे देशपातळीवरचा मोठा रस्ता) किंवा वर्गीकृत नसावा, आणि ती वाट त्याच आदेशात मान्य असलेल्या दुसऱ्या एखाद्या कामासाठी लागणारी असावी. नुसतं फाटक किंवा कुंपण उभारणं हे ते 'दुसरं काम' होत नाही. शेतीची कामं होऊ शकतात, पण तुमचं शेत जेमतेम अडीच हेक्टर. पाच हेक्टरच्या आतल्यांना सवलती तोकड्या असतात आणि त्याही व्यवसाय म्हणून शेती करणाऱ्याला. आठ मेंढ्या आणि घरापुरती भाजी हा व्यवसाय आहे असं पटवून देणं जड जाईल. रस्त्याच्या वर्गाबद्दलही एक सांगून ठेवते. पाटीवर ए किंवा बी नंबर नाही म्हणून लोक रस्ता अवर्गीकृत धरून चालतात. सी वर्गाच्या रस्त्यांना पाटीवर नंबर नसतो, पण ते वर्गीकृतच असतात. काउंटी कौन्सिलच्या महामार्ग विभागाला एक ईमेल टाकलीत की तुमचा रस्ता कोणत्या वर्गात आहे ते लेखी मिळेल. माझा अंदाज विचाराल तर तुम्हाला पूर्ण अर्ज करावाच लागेल, आणि तो करणं तुमच्या फायद्याचंही आहे. का, ते पुढे येईलच.

आता तुमच्या यजमानांची भीती. चिल्टर्न टेकड्या १९६५ साली संरक्षित झाल्या. २०२३ च्या नोव्हेंबरपासून अशा भागांना 'नॅशनल लँडस्केप' म्हणतात, एवढाच नावात बदल झालाय. इथलं निसर्गसौंदर्य राखण्याला निर्णय घेताना मोठं वजन द्यावं असं राष्ट्रीय धोरण सांगतं, आणि डिसेंबर २०२३ पासून तर ते जपणं आणि वाढवणं या उद्दिष्टाला हातभार लावायचा प्रयत्न करणं हे कौन्सिलवर कायद्यानंच बंधनकारक आहे. पण वजन म्हणजे बंदी नव्हे. संरक्षित भागातही शेतं आहेत, शेतांना फाटकं आहेत, आणि नवी फाटकं मंजूरही होतात. नाकारली जातात ती बहुतेक एकाच कारणानं, आणि त्या कारणाचा फाटकाशी फारसा संबंध नसतो.

हे नीट समजून घ्या, कारण तुमचं सगळं प्रकरण इथे अडकणार किंवा सुटणार. शेतातून रस्त्यावर येणाऱ्या गाडीला दोन्ही बाजूंचं दिसलं पाहिजे. त्यासाठी महामार्ग विभाग एक त्रिकोण मागतो, त्याला 'व्हिजिबिलिटी स्प्ले' म्हणतात. रस्त्याच्या कडेपासून २.४ मीटर आत ड्रायव्हर बसलाय असं धरायचं, आणि तिथून डावी-उजवीकडे ठरावीक अंतरापर्यंत नजर अडता कामा नये. हे अंतर वेगावर ठरतं. ताशी ३० मैलांना ४३ मीटर. ताशी ६० मैलांना २१५ मीटर. तुमच्या गावच्या रस्त्यावर वेगाची वेगळी पाटी नसेल तर कागदोपत्री मर्यादा ६० मैलांची, म्हणजे विभाग पहिल्या झटक्यात २१५ मीटर मागू शकतो.

आता कुंपण आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी दीड मीटर रुंद आहे आणि रस्ता सरळ आहे असं धरू. गणित मांडलंत तर ४३ मीटरच्या नजरेसाठी फाटकाच्या प्रत्येक बाजूला सोळा मीटर कुंपण आडवं येतं. २१५ मीटरसाठी प्रत्येक बाजूला ऐंशी. म्हणजे साडेचार मीटरच्या फाटकापायी दोन्हीकडचं मिळून दीडशे मीटरवर कुंपण जाणार, आणि संरक्षित टेकडीवर तेवढं कुंपण काढायला कुठलाही अधिकारी हो म्हणणार नाही. म्हणायलाही नको. आणि हेच गणित उलटं करून बघा. गवताची पट्टी जिथे २.४ मीटरपेक्षा रुंद असेल तिथे नजर कुंपणाच्या बाहेरूनच जाते. फाटकाएवढं भगदाड सोडलं तर एक फांदी तोडावी लागत नाही.

म्हणून रविवारी सकाळी टेप, एक मीटरची काठी आणि भडक पट्ट्यांची जाकिटं घेऊन दोघं जा. कुंपणाच्या कडेनं चालत प्रत्येक वीस पावलांवर गवताची पट्टी मोजा आणि वहीत टिपा. वळण असेल तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला थांबा, तिथून दोन्हीकडचं दिसतं. आतल्या अंगाला कधीच दिसत नाही. चिल्टर्नमधले जुने रस्ते खोलगट असतात, शेकडो वर्षांच्या चाकांनी आणि पाण्यानं खचलेले, त्यामुळे शेत रस्त्यापेक्षा कुठे हातभर तर कुठे पुरुषभर वर असतं. शेत आणि रस्ता जिथे एका पातळीवर येतात ती जागा शोधा. उंचवटा कापला की मागची पांढरी चुनखडी उघडी पडते आणि ती पलीकडच्या टेकडीवरूनही दिसते. तुम्हाला जी जागा सोयीची वाटत होती ती बहुधा ही नसेल. शंभर मीटर पुढे निघेल. तीच मागा.

वेगाचंही तसंच. ज्या रस्त्यावर दोन गाड्या एकमेकींना पास होत नाहीत तिथे साठनं कोण जातं? पण हे तुम्ही म्हणून चालत नाही, मोजून दाखवावं लागतं. सर्वेक्षण करणारे रस्त्यावर रबरी नळ्या टाकून आठवडाभर गाड्या मोजतात, आणि शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग धरतात. तो तीसच्या आसपास निघाला तर ऐंशी मीटरचे सोळा होतात. या एका अर्जात पैसे कुठे खर्च करावेत असं विचारलंत तर मी या मोजणीवर म्हणेन. आर्किटेक्टच्या रंगीत चित्रांवर नको.

कुंपणाबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण जेसीबीवाल्याच्या दोन तासांत जे जाणार होतं ते हेच. जवळ जाऊन बघा. वरून एक हिरवी भिंत दिसते, पण बुंध्याशी बसलात तर हेझलचे जाडजूड जुने खुंट दिसतील, प्रत्येकातून दहा-पंधरा काठ्या वर गेलेल्या. मध्ये हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, फील्ड मेपल. १९९७ च्या हेजरो नियमांनुसार तीस वर्षांहून जुनं आणि वीस मीटरहून लांब कुंपण काही निकषांत बसलं तर ते 'महत्त्वाचं' ठरतं. ते १८५० पूर्वीच्या पॅरिशची हद्द दाखवत असेल, म्हणजे आपल्या भाषेत गावशिव असेल, तर तेवढंही पुरतं. किंवा तीस मीटरमध्ये सात जातींची झाडं-झुडपं असतील. असं कुंपण काढायच्या आधी कौन्सिलला नोटीस देऊन ४२ दिवस थांबावं लागतं. न विचारता काढलं तर दंडाला वरची मर्यादा नाही आणि पुन्हा लावूनही द्यावं लागतं. फाटकासाठी पूर्ण अर्ज करून परवानगी मिळाली तर ही वेगळी नोटीस लागत नाही. कुंपणाचा विचार त्याच निर्णयात होतो. 'परमिटेड डेव्हलपमेंट'च्या वाटेनं गेलात तर ही सूट मिळत नाही. पूर्ण अर्ज फायद्याचा म्हटलं ते यासाठी.

दुसरं, पक्षी. घरटं वापरात असताना ते मोडणं हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय २०२४ पासून इंग्लंडमध्ये शेतातली कुंपणं १ मार्च ते ३१ ऑगस्ट छाटायला बंदी आहे. हेझलच्या कुंपणात डॉरमाउस नावाचा चिमुकला प्राणी राहतो, त्याला याहून कडक संरक्षण आहे. माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं ते एप्रिलमध्ये कुंपण पाडून झाल्यावर. नंतरच्या अर्जात फाटकाची जागा तशी बरी होती, रस्ताही शांत होता. पण अधिकाऱ्याच्या फाइलमध्ये पहिला कागद होता तो पाडलेल्या कुंपणाच्या फोटोचा, आणि त्यानंतर त्या घरातल्या कुणाच्या शब्दावर गावानं विश्वास ठेवला नाही. अर्ज फेटाळला गेला. रोपं लावली, ती अजून कमरेएवढीही नाहीत. मला आजही वाटतं की ती माणसं दोन महिने आधी आली असती तर फाटक मिळालं असतं.

चार वर्षांचा सल्ला जुना झालाय. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये ही मुदत दहा वर्षांची झालीय. दहा वर्षं रस्त्याकडेचं फाटक लपत नाही.

आता शेजारी. तुमच्या अर्जावर पहिला प्रश्न येईल तो हा: आहे ती वाट का चालत नाही? 'शेजारी आठ्या घालतो' हे उत्तर होत नाही. चिखल हेही अर्धंच उत्तर आहे, कारण चिखलावर खडी टाकता येते. तुमच्या हक्काच्या कागदात वाटेची डागडुजी कुणी करायची याबद्दल काय लिहिलंय ते वकिलाकडून वाचून घ्या. मग शेजाऱ्याकडे जा, चहाला जातात तसं, आणि खर्च निम्मा वाटून वाट सुधारायची का ते विचारा. तो हो म्हणाला तर नव्या फाटकाचा खटाटोपच वाचला. हेच व्हावं असं मला मनापासून वाटतं. नाही म्हणाला तर तो नकार लेखी ठेवा. वाट किती अरुंद आहे, ट्रॉलीचं वळण कुठे बसत नाही, कोणत्या महिन्यांत चाकं रुततात याचे तारखेसह फोटो काढा. गरज अशी मांडली जाते. फक्त एक सांभाळा: बोलण्याच्या भरात 'आम्ही ती वाट सोडून देतो' असं लिहून देऊ नका. नवं फाटक मंजूर होऊन प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत तो हक्क तुमचाच राहू द्या.

आबांना नाराज करू नका. आपल्याकडेही 'आपला बांध' एवढ्यावर भागत नाही हे त्यांना माहीत असणार. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३व्या कलमाखाली शेताला रस्ता मागितला की तहसीलदार काय बघतो? खरंच दुसरी वाट नाही का, आणि बांधावरून रस्ता देताना कमीत कमी नुकसान कुठून होईल. इथला अधिकारी तेच दोन प्रश्न विचारतो. फक्त नुकसान शेजाऱ्याच्या पिकाचं बघायच्या ऐवजी कुंपणाचं आणि डोळ्यांना दिसणाऱ्या टेकडीचं बघतो. आणि वाईच्या डोक्यावर महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र आहे. तिथे उतार खोदायला आणि झाड तोडायला बंधनं का आहेत हे आबांनी त्या घाटातून जाता-येता पाहिलेलं असेल. त्यांना तेच उदाहरण द्या.

गावाच्या मनात एक वेगळीच शंका असते, ती कुणी तोंडावर बोलणार नाही. नवं फाटक म्हणजे उद्या घर, परवा चार घरं. बाहेरून आलेल्या, शहरात राहणाऱ्या माणसानं फाटक मागितलं की ही शंका दुप्पट होते, आणि आपला चेहरा वेगळा असला की तिला आणखी एक पदर येतो. मी ते सोसलंय, म्हणून सांगते. त्याला उत्तर भाषणानं द्यायचं नाही, नकाशानं द्यायचं. पाच आडव्या पट्ट्यांचं साधं लाकडी फाटक दाखवा, आत उघडणारं. विटांचे खांब नकोत, दिवे नकोत, विजेवर चालणारं कवाड तर नकोच. ट्रॅक्टर आणि ट्रॉली रस्त्यावर न अडता उभी राहील इतकं फाटक मागे घ्या. पहिले काही मीटर चिखल रस्त्यावर येऊ नये म्हणून पक्के करा, पुढे गवतच ठेवा. आणि जी गाडी तुम्ही खरंच वापरता तिच्याच मापानं आखा. छोटा ट्रॅक्टर असताना मोठ्या कंबाइनचं वळण मागितलंत तर तोंड पसरट होतं, आणि शंकेला खाद्य मिळतं. अर्ज टाकण्याआधी पॅरिश कौन्सिलच्या सभेला जाऊन बसा, मेंढ्यांचे फोटो दाखवा, वालाबद्दल सांगा. खांबावरची नोटीस वाचून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

कागदांचं थोडक्यात सांगते. प्लॅनिंगचा अर्ज डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे, रस्त्याचा विभाग काउंटीकडे, दोन वेगळी दारं आहेत. प्लॅनिंगची परवानगी आली तरी गवताच्या पट्टीवर काम करायला १९८० च्या हायवेज कायद्याच्या १८४व्या कलमाखाली काउंटीची वेगळी संमती लागते. लोक हे विसरतात. अर्जाच्या नकाशावर लाल रेघेत फाटक, रस्त्यापर्यंतची पट्टी आणि नजरेचे त्रिकोण असे सगळे धरा. त्यातली काही जमीन तुमची नसेल तर मालकाला रीतसर कळवून तसं प्रमाणपत्र जोडा. ती पट्टी खरंच सार्वजनिक रस्त्याचा भाग आहे ना, हेही काउंटीकडून लेखी घ्या. कधीकधी मध्ये हातभर जमीन तिसऱ्याच माणसाची निघते आणि तो सोन्याच्या भावानं विकायला बसलेला असतो. रस्त्याकडेला चर असेल तर नळी टाकून बुजवायला पूर आणि निचरा बघणाऱ्या स्थानिक विभागाची संमती वेगळी. जैवविविधता दहा टक्के वाढवून दाखवायचा नियम २ एप्रिल २०२४ पासून छोट्या कामांनाही आला. प्राधान्यानं जपायच्या यादीतल्या अधिवासाला धक्का लागत नसेल, आणि २५ चौरस मीटरपेक्षा कमी अधिवास व पाच मीटरपेक्षा कमी कुंपण जात असेल त्या कामांना सूट, अशी तेव्हाची रेषा होती. अर्जाच्या दिवशी ती किती आहे आणि तुमच्या कुंपणाला ती सूट लागू होते का हे कौन्सिलला विचारा, आणि होत असेल तर तुमचं भगदाड तिच्या आत बसवा.

अशा अर्जाचा निर्णय आठ आठवड्यांत अपेक्षित असतो. नकार येणार असं दिसलं तर अधिकाऱ्याशी बोलून अर्ज मागे घ्या आणि जागा बदलून पुन्हा टाका. अपिलाला सहा महिने मिळतात, फी लागत नाही, पण तो शेवटचा उपाय. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्स आणि स्कॉटलंडमधल्या वाचकांनी तिथले नियम बघावेत.

वेळापत्रक असं धरा. या हिवाळ्यात मोजणी आणि शेजाऱ्याशी बोलणं, वसंतात अर्ज, आणि परवानगीतल्या अटी पूर्ण झाल्या की सप्टेंबरनंतर काम. जेसीबीवाल्याला तोवर थांबायला सांगा, चांगला माणूस असेल तर थांबेल. त्या दिवशी आधी हातानं हेझल कापून घ्या. साडेचार मीटरमध्ये सत्तर-ऐंशी सरळ काठ्या निघतील, माणसाच्या डोक्याच्या वर जाणाऱ्या. इथले लोक घेवड्याच्या वेलांना त्याच लावतात. तुमच्या वालाचा मांडव त्यांचाच करा.